डुलकी कुणाची, डोळा कुणाचा?

मोटार आपली आपण चालेल, पण चालकाने रस्त्यावरची नजर मात्र हलवायची नाही, असा एक चमत्कारिक करार गेल्या दहा-बारा वर्षांत मोटार कंपन्यांनी आपल्या गिऱ्हाइकांशी केलेला आहे. गाडी आपल्या पट्ट्यात राहते, पुढच्या गाडीपासून अंतर राखते, वेग कमी-जास्त करते, सौम्य वळणेही घेते. चालकाने फक्त बघायचे. काही विपरीत घडलेच तर जबाबदार कोण? तो बघणारा. आणि तो खरोखर बघतो आहे की नाही हे पाहण्यासाठी आता गाडीत आणखी एक कॅमेरा येऊन बसला आहे. त्याचे तोंड रस्त्याकडे नसून चालकाच्या चेहऱ्याकडे आहे. या कॅमेऱ्याचा धंदा जगात कसा चालला आहे आणि तो आपल्या दारापर्यंत कसा येऊन ठेपला आहे, याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांला वाटते.

इंदूरच्या मराठी मंडळींच्या पत्रकात हा विषय कशाला, असे काही ज्येष्ठ वाचक नक्की म्हणतील. भाषिक अल्पसंख्याकांचे प्रश्न संपले की काय, असेही विचारतील. संपलेले नाहीत. पण आपल्यातल्या घरटी एका घरातले तरी लेकरू आज पुण्याला शिकायला किंवा नोकरीला आहे. सणासुदीला ते ट्रॅव्हल्सच्या रात्रीच्या बसने सेंधव्याचा घाट उतरून धुळ्यावरून जाते आणि आपण इकडे फोन उशाशी घेऊन पडतो. त्या बसच्या चालकाला झोप लागू नये ही आपली गरज आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियमाचा एक मसुदा काढला. मोठ्या बसगाड्या आणि मालट्रक यांत चालकाची डुलकी ओळखून सावध करणारी यंत्रणा बसवावी, असे त्यात आहे. तेव्हा विषय परदेशातून निघाला तरी पोहोचला आहे आपल्याच रस्त्यावर.

आधी यंत्र समजून घेऊ. स्टिअरिंगच्या मागे किंवा आरशाजवळ एक लहान कॅमेरा असतो. त्याच्या शेजारचे दिवे अवरक्त प्रकाश टाकतात. हा प्रकाश माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे रात्री चालकाला त्रास होत नाही. बहुतेक काळ्या चष्म्यांतून तो आरपार जातो, म्हणून गॉगल घातला तरी यंत्राला बुबुळ सापडते. मान कुठे वळली, नजर रस्त्यावर की मांडीवरच्या मोबाइलवर, पापण्या मिनिटातला किती वेळ जवळजवळ मिटलेल्या होत्या, याचा हिशेब यंत्र सतत ठेवते. पापण्यांचा हा हिशेब १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधनातून आला आणि डुलकी ओळखण्याचे ते आजही एक मुख्य माप आहे. जपानच्या टोयोटाने लेक्सस गाड्यांत असा कॅमेरा २००६ मध्येच बसवला होता. म्हणजे कल्पना नवी नाही, तिला भाव आता आला.

भाव का आला, हे समजायला आमच्या मते बँकेतले एक उदाहरण पुरे आहे. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची अशी पद्धत असते. पहिल्याला मेकर म्हणतात, दुसऱ्याला चेकर. मेकरचे लक्ष कामात असते, कारण त्याचे हात चालू असतात. चेकरची गोष्ट वेगळी. सकाळपासून दोनशे व्हाउचरे बरोबर निघाली की दोनशे एकाव्यावर सही करणारा हात डोळ्यांची वाट पाहत नाही. यात चेकर आळशी असतो असे मुळीच नाही. मेकर जितका चोख, तितका चेकर सुस्त. मेकर कच्चा असला तर चेकर बिचारा टक्क जागा राहतो! ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या रडारवरच्या माणसांच्या अडचणीवरून प्रयोग केले आणि १९४८ मध्ये दाखवून दिले, की क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट बघत बसलेल्या माणसाचे लक्ष अर्ध्या तासातच ढासळू लागते. अर्धस्वयंचलित मोटारीने नेमके हेच केले. कालपर्यंत जो चालक मेकर होता त्याला चेकर करून टाकले, आणि मेकर म्हणून एक असे यंत्र बसवले जे शंभरातले नव्याण्णव वेळा बरोबर वागते.

याची किंमत ७ मे २०१६ रोजी फ्लोरिडातल्या विलिस्टन गावाजवळ मोजली गेली. टेस्ला गाडी ऑटोपायलटवर होती. समोरून आडवा वळणारा ट्रक गाडीलाही दिसला नाही आणि चालकालाही नाही. चालक जागीच ठार झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सप्टेंबर २०१७ मध्ये चौकशीचा निष्कर्ष दिला. त्या प्रवासात ऑटोपायलट ३७ मिनिटे चालू होता आणि त्या ३७ मिनिटांत चालकाचा हात स्टिअरिंगवर असल्याचे यंत्राला जाणवले ते सारे मिळून २५ सेकंद. चालकाचे लक्ष आहे की नाही हे ओळखण्यासाठी स्टिअरिंगवरचा हात पुरेसा नाही, दुसरी चांगली रीत शोधा, असे मंडळाने सर्व कंपन्यांना बजावले.

मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला एक दांडा सतत दाबून धरावा लागतो हे आपल्यातल्या मुंबईकर पाहुण्यांना ठाऊक असेल. हात सुटला की ब्रेक लागतो. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती अजून काम करते, कारण तिथे मोटरमन गाडी खरोखर चालवत असतो. टेस्लाने हीच युक्ती उचलली, पण जिथे माणसाला काही करायचेच नाही तिथे ती लावली. मग लोकांनी काय करावे? स्टिअरिंगच्या चाकात संत्रे खोचले, पाण्याची बाटली अडकवली. यंत्राला वाटले, हात आहे. पुढे तर या कामासाठी तयार वजनच बाजारात विकायला आले आणि जून २०१८ मध्ये अमेरिकी सरकारला त्याची विक्री थांबवायचा आदेश काढावा लागला. असल्या जुगाडात आपणच हुशार, असा आपला समज आहे. तो या निमित्ताने दुरुस्त करून घ्यावा.

जनरल मोटर्सने २०१७ मध्ये कॅडिलॅक गाडीत सुपर क्रूझ आणले तेव्हा वेगळा मार्ग धरला. हात सोडा, पण डोळे रस्त्यावर ठेवा. डोळे कॅमेरा तपासेल. हे तंत्र ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या सीइंग मशिन्स या कंपनीचे होते. टेस्लाने आपल्या मॉडेल ३ मध्ये आतल्या बाजूला कॅमेरा पहिल्यापासून बसवला होता, पण चालकाच्या लक्षावर तो लावला २०२१ च्या मे महिन्यात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी नियामकाच्या तपासानंतर २० लाखांहून अधिक टेस्ला गाड्यांना याच कारणासाठी दुरुस्ती लागू करावी लागली. आणि ही फक्त एका कंपनीची गोष्ट नाही. विमा कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने मार्च २०२४ मध्ये अशा १४ यंत्रणा तपासल्या. त्यांपैकी एकच 'स्वीकारार्ह' ठरली, दोन काठावर पास झाल्या आणि ११ नापास. नापासांच्या यादीत भली भली नावे होती.

आता जो प्रसंग सांगायचा आहे तो आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री अॅरिझोनातल्या टेम्पी शहरात उबर कंपनीच्या चाचणीतल्या मोटारीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवले. ती गेली. गाडीत कंपनीने नेमलेली एक चालक होती आणि तिचे लक्ष रस्त्यावर नव्हते, मोबाइलवर होते. हे कशावरून कळले? गाडीत चालकाकडे तोंड केलेला कॅमेरा होता त्यावरून. म्हणजे कॅमेरा होता, तो सगळे बघत होता, टिपतही होता, पण 'बाई, समोर बघ' असे सांगण्याची सोय त्यात नव्हती. अगोदर या गाड्यांत दोन माणसे असत. कंपनीने काही महिन्यांपूर्वीच एक कमी केले होते. चौकशी मंडळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये चालकाला दोष दिला आणि कंपनीच्या ढिसाळ सुरक्षा व्यवस्थेवरही ठपका ठेवला. पण फौजदारी खटला चालला तो फक्त चालकावर. कंपनीवर गुन्हा होत नाही असे सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच सांगून टाकले होते. चालकाने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची देखरेखीची शिक्षा झाली. तिची चूक होतीच, ती नाकारण्याचे कारण नाही. पण कंपनीचा कॅमेरा त्या रात्री राखणदार म्हणून उपयोगी पडला नाही, साक्षीदार म्हणून पडला, आणि तोही कोणाविरुद्ध? वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

कॅमेरा विकणारे कोण आहेत ते आता पाहू. आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला या धंद्यातली यंत्रापेक्षा ताळेबंदाची बाजू जास्त बोलकी वाटते. मुख्य स्पर्धक मोजके आहेत. सीइंग मशिन्स २००० साली ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेतून निघाली आणि तिचे शेअर लंडनच्या छोट्या कंपन्यांच्या बाजारात आहेत. स्मार्ट आय ही स्वीडनमधल्या गोथेनबर्गची, १९९९ ची. तिने २०२१ मध्ये अमेरिकेची अफेक्टिव्हा ही कंपनी ७ कोटी ३५ लाख डॉलरला घेतली. अफेक्टिव्हा एमआयटीच्या प्रयोगशाळेतली. माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या भावना ओळखण्याचे तिचे तंत्र. स्वीडनचीच टोबी, जी अपंगांना डोळ्यांनी संगणक चालवता यावा यासाठी नावाजली गेली, तिने जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एक्सपेरी कंपनीचा मोटारीतल्या कॅमेऱ्यांचा विभाग घेतला. इस्राएलच्या काही कंपन्या आहेत. चीनमध्ये सेन्सटाइम आणि आर्कसॉफ्ट आहेत.

या साऱ्यांचे गिऱ्हाईक कोण? गाडी घेणारा किंवा चालवणारा नव्हे. गिऱ्हाईक आहे मोटार कंपनी, आणि तीही मधल्या मोठ्या पुरवठादारामार्फत. कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर गाडीमागे मोजक्या डॉलरच्या परवाना शुल्कावर विकले जाते. आज कंत्राट मिळाले की कंपनी मोठी घोषणा करते, अमुक इतक्या कोटींचा व्यवसाय असे सांगते. पण पैसा येतो गाडी कारखान्यातून बाहेर पडायला लागल्यावर, म्हणजे दोन-चार वर्षांनी. तोवर अभियंत्यांचे पगार चालूच. मॉडेलच्या विक्रीला मंदी आली तर घोषणेतला आकडा हवेत. म्हणून तर सीइंग मशिन्सच्या शेअरचा भाव वर्षानुवर्षे पेन्समध्येच मोजला गेला, आणि या कंपन्यांना पुन्हा पुन्हा भांडवलासाठी हात पसरावे लागले. कॅनडाच्या मॅग्नाने २०२२ मध्ये सीइंग मशिन्समध्ये पैसे घातले, कारण मॅग्नाला आरशातच कॅमेरा बसवून विकायचा होता. छोट्या हुशार कंपनीला मोठ्या पुरवठादाराच्या ओसरीवर जागा मिळते ती अशी.

जिथे माल घेणारा एक आणि त्याचा परिणाम भोगणारा दुसरा असतो, तिथे स्पर्धेने माल सुधारतोच असे नाही. किंमत मात्र नक्की उतरते. युरोपात याचा धडा मिळतो. युरोपीय संघाने २०१९ च्या कायद्याने डुलकीची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची केली. जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना. ऐकायला उत्तम. पण या पहिल्या पायरीला कॅमेरा लागतच नाही. स्टिअरिंगच्या हालचालींवरून अंदाज बांधला तरी नियम पुरा होतो. मर्सिडीजने असा अंदाज बांधून समोर कॉफीच्या कपाचे चित्र दाखवणारी सोय २००९ मध्येच दिली होती. साहजिकच अनेकांनी कॉफीच्या कपावरच भागवले. नजर भरकटली तर सांगणाऱ्या, म्हणजे डोळे बघणाऱ्या यंत्रणेसाठी कायद्याला वेगळी दुसरी पायरी घालावी लागली. सर्व नव्या गाड्यांसाठी त्या पायरीची तारीख ७ जुलै २०२६ ठरवली गेली. याच्या उलट युरो एनकॅप या तारे देणाऱ्या संस्थेने २०२३ पासून चालक-निरीक्षणाला गुण ठेवले. यंत्र जितके बरे ओळखेल तितके गुण. तिथे कंपन्यांना चांगला माल घेण्याचे कारण मिळाले. नियम कसा लिहिला यावर कोणता पुरवठादार जगेल हे ठरते, आणि कोणता चालक जगेल हेही.

दुसरा मुद्दा चेहऱ्याच्या नोंदीचा. युरोपच्या त्याच कायद्यात एक कलम आहे, जे आम्हांला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे वाक्य वाटते. या यंत्रणेने सतत चित्रण साठवू नये, लागेल तेवढीच माहिती यंत्राच्या आतल्या आत वापरावी, ती कोणत्याही तिसऱ्या व्यक्तीला केव्हाही मिळू नये आणि काम झाल्याबरोबर पुसली जावी, असा त्याचा आशय आहे. म्हणजे यंत्राने चालकाला जागे करायचे आणि विसरून जायचे. मालकाला चुगली नाही, विमा कंपनीला नाही, पोलिसालाही नाही. युरोपच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने तर कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रांना मनाई केली. सवलत ठेवली ती फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणासाठी. थकवा ओळखा, पण ड्रायव्हर चिडलेला आहे की नाराज आहे याची नोंद मालकाच्या वहीत नको.

असे कलम नसले की काय होते ते अमेरिकेत दिसले. सुपर क्रूझवाल्या जनरल मोटर्सनेच आपल्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांची माहिती, कुठे जोरात ब्रेक दाबला, कुठे वेग वाढवला, ही माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांना दिली आणि तिथून ती विमा कंपन्यांपर्यंत गेली, हे मार्च २०२४ मध्ये उघडकीला आले. लोकांचे हप्ते वाढले तेव्हा त्यांना कळले की आपलीच गाडी आपल्याविरुद्ध बोलते आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीला पाच वर्षे अशी माहिती पत तपासणाऱ्या संस्थांना देण्यास बंदी करण्याचा आदेश मांडला. ही आतल्या कॅमेऱ्याची माहिती नव्हती हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण एकदा गाडीतून माहितीची वाट फुटली की त्या वाटेने काय काय जाईल याचा भरवसा कोणी द्यावा? त्याआधी २०२१ मध्ये अॅमेझॉनने अमेरिकेत घरोघरी माल पोहोचवणाऱ्या गाड्यांत चालकावर लक्ष ठेवणारे कॅमेरे बसवले. चालकांकडून संमतीपत्र मागितले गेले. सही करायची नसेल तर काम नाही. अशा संमतीला संमती म्हणायचे तर सावकाराच्या कागदावरचा अंगठाही संमतीच होता. ते कॅमेरे नेट्राडाइन कंपनीचे होते, आणि या कंपनीचा मोठा अभियांत्रिकी कारभार आपल्या बंगळुरात आहे.

तेव्हा भारतात हे तंत्र यायचे आहे असे नाही, आलेलेच आहे. महिंद्राने २०२१ मध्ये एक्सयूव्ही७०० गाडीत डुलकीची सूचना दिली आणि २०२४ च्या अखेरीस आलेल्या विजेवरच्या गाड्यांत चालकाकडे बघणारा कॅमेरा. श्रीमंताच्या गाडीत हा कॅमेरा सोय म्हणून येतो. तो बंद करायचे बटणही त्याच्याच हाती. प्रश्न आहे दुसऱ्याची गाडी पगारावर चालवणाऱ्याचा.

श्री. नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये दोन गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या. मालट्रकमध्ये झोप ओळखणारे सेन्सर बसवावेत आणि विमानाच्या वैमानिकांसारखे ट्रकचालकांचे तासही ठरवून द्यावेत. दोन्ही रास्त होत्या. त्यांतली पहिली मसुद्यापर्यंत पोहोचली. ट्रकच्या केबिनला वातानुकूलन ऑक्टोबर २०२५ पासून सक्तीचे झाले, हेही चांगलेच झाले. दुसरीचे काय? खरे तर तास ठरवायचे राहिलेलेच नव्हते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, त्यातही दिवसाचे आठच तास आहेत. साठ वर्षांहून जास्त काळ हा नियम पुस्तकात आहे. इंदूर-मुंबई रस्त्यावरच्या कोणत्याही ढाब्यावर रात्री दोन वाजता चहा पिणाऱ्या ट्रकवाल्याला, भाऊ, किती तास झाले, एवढे विचारावे. आठ हे उत्तर आले तर आम्हांलाही कळवावे.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, असे मंत्रालयाचाच अहवाल सांगतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी गेले. टायर फुटला की चालकाला डुलकी लागली यावर मग वाद झाला. त्या वादात एक प्रश्न मात्र फारसा कोणी लावून धरला नाही, की रात्रभर सरळ रस्त्यावर बस हाकणाऱ्या माणसाने आदल्या दिवशी किती तास झोप घेतली होती आणि ती घेण्याइतकी सवड त्याला कोणी दिली होती का.

आम्हांला भीती वाटते ती इथे. झोप ही यंत्राने ओळखता येते, पण यंत्राने देता येत नाही. बसमालक कॅमेरा बसवेल, कारण नियम म्हणेल. पुरवठादार त्याला सांगेल की आणखी थोडे पैसे टाका, चालकाने जांभई दिली की तुमच्या मोबाइलवर खबर येईल, महिन्याचा अहवालही मिळेल. मालकाला हा सौदा पटेल. मग सोळा तास गाडी चालवणाऱ्या माणसाच्या पगारातून जांभयांचे पैसे कापले जातील, आणि अपघात झालाच तर मालक कॅमेऱ्याचे चित्रण पुढे करेल: बघा, हा झोपला होता. टेम्पीची गोष्ट सेंधव्याच्या घाटात पुन्हा घडेल. कायदा चालकाच्या बाजूने उभा राहील का? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात, नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरता येईल, अशी मोकळीक ठेवलेली आहे. त्या मोकळिकीत चालकाच्या पापण्याही बसतात, असे कोणी म्हणाले तर त्याला काय उत्तर द्यायचे?

ड्रायव्हर लोक बेदरकार असतात, दारू पितात, मोबाइलवर बोलतात, त्यांच्यावर कॅमेरा हवाच, असे म्हणणारे आपल्या मंडळातही आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. कॅमेरा हवा, हे आम्हीही म्हणतो. पापणी मिटली की खडखडून जागे करणारे यंत्र बसमध्ये असेल तर आमच्यासारखे आईबाप त्याला हात जोडतील. पण ते यंत्र चालकाशी बोलणारे असावे, मालकाशी नव्हे. चालकाला जर हा आपल्यावरचा पहारेकरी आहे असे वाटले, तर संत्र्याची नि पाण्याच्या बाटलीची देशी आवृत्ती निघायला आठ दिवस लागणार नाहीत. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावायला तर तेवढेही नकोत. मालकाकडे चुगली न जाणारे यंत्र चालक स्वतःहून चालू ठेवील.

वाहनांची भारतीय मानके छापून प्रसिद्ध होतात ती पुण्याच्या एआरएआय या संस्थेकडून. मोटारींसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्याही पुण्यात आहेत आणि त्यांत आपली मुले आहेत. तेव्हा आपला आवाज पोहोचवायला वाट नाही असे नाही. आमच्या मते मंडळाने खासदारांना आणि मंत्रालयाला पत्र पाठवून तीन गोष्टी मागाव्यात. युरोपच्या कायद्यातले माहिती आतल्या आत वापरून पुसून टाकण्याचे कलम आपल्या नियमात जसेच्या तसे यावे. डुलकीची नोंद ठेवायचीच असेल तर तिच्याशेजारी चालक किती तास सलग गाडीवर होता याचीही नोंद असावी, आणि अपघाताच्या चौकशीत एक कागद दुसऱ्याशिवाय मान्य होऊ नये. आणि रात्रीच्या लांब पल्ल्याच्या प्रवासी बसला दुसरा चालक आणि त्याला झोपायला जागा आहे की नाही, हे परवान्याच्या वेळी तपासले जावे.

या पत्राला उत्तर येईल तेव्हा येईल. दरम्यान एक काम आपल्या हातातले आहे. दरवर्षी मंडळाच्या सहलीसाठी बस ठरवताना आपण भाडे विचारतो, एसी विचारतो, सीट मागे होते का ते विचारतो. यंदा बस ठरवायला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी मालकाकडून दोन चालकांची नावे लिहून घ्यावीत, दोघांनी आदल्या रात्री गाडी चालवली होती का ते त्या दोघांनाच विचारावे, आणि मुक्कामी त्यांच्यासाठी पंखा असलेली एक खोली मंडळाच्या खर्चाने घ्यावी. खर्चाचा हा बोजा डोईमागे किती पडतो ते आम्ही मोजून पाहिले. एका प्लेट पोह्याइतकाही नाही.